फ्रीव्हीलमधले वंगण

माझ्या सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये माझ्या वडिलांनी बैलगाडीचे वंगण भरले. दुसऱ्या दिवशी सकाळी मला बोरगावच्या मुलींच्या शाळेत मास्तरणीच्या जागेसाठी साहेबासमोर उभे राहायचे होते. ती जागा मिळाली असती तर मला बघायला येणाऱ्या पाहुण्यांपासून माझी सुटका झाली असती. वडिलांना हे माहीत होते. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण शेवटपर्यंत झाकून ठेवावे असे त्यात काही नाही, आणि झाकून ठेवण्याचा मला कंटाळा आला आहे.

ज्यांनी सायकल नुसती चालवली, कधी उघडून पाहिली नाही, त्यांना फ्रीव्हील म्हणजे मागच्या चाकाचे दातेरी चक्र एवढेच ठाऊक असते. त्याच्या पोटात पोलादाच्या दोन छोट्या जिभा असतात. आमच्याकडे त्यांना कुत्रे म्हणतात. पायडल मारले की हे कुत्रे उठून आतल्या दात्यांना धरतात आणि चाक पुढे जाते. पाय थांबवले की ते दात्यांवरून घसरत जातात आणि टकटक असा आवाज येतो. आवाज आला म्हणजे कुत्रे मोकळे आहेत. त्यांना घासलेटने धुवावे लागते आणि वर पातळ तेलाचे दोन थेंब पुरतात. तिथे दाट वंगण भरले तर कुत्रे चिखलात बसल्यासारखे बसतात. उन्हात कसेबसे उठतात, थंडीत उठतच नाहीत. मग पायडल नुसते फिरते आणि सायकल जागची हलत नाही.

हे सगळे मला वडिलांनीच शिकवले.

आम्ही तेव्हा पांढुर्ण्याला राहत होतो आणि पुढच्या खोलीत वडिलांचा छापखाना होता. पायाने चालवायचे एक छपाईयंत्र, शिशाच्या अक्षरांचे खिळे भरलेल्या पेट्या आणि शाईचा वास. लग्नपत्रिका छापून पोट भरायचे आणि पत्रके छापून डोके गरम ठेवायचे. इंग्रज गेला पाहिजे, शिवाशीव गेली पाहिजे, मुलींना शिकवले पाहिजे. मी अक्षरे शिकले ती अंकलिपीतून नाही, त्या पत्रकांतून. 'क' कमळाचा असतो हे मला फार उशिरा कळले, माझा 'क' क्रांतीचा होता. इंग्रज गेला त्या वर्षी रेल्वेतल्या एका साहेबाची मडम बिऱ्हाड आवरून निघाली. तिची बिनदांड्याची सायकल वडिलांनी घेतली आणि मला दिली, पत्रके वाटायला.

बाजाराच्या आदल्या दिवशी वडील अंगणात पोते अंथरत, त्यावर सायकल आडवी करत आणि फ्रीव्हीलच्या फटीत घासलेटची धार सोडून मला चाक फिरवायला लावत. काळे पाणी जायचे, मग तपकिरी, मग स्वच्छ. शेवटी छपाईयंत्राचे पातळ तेल. "कुत्र्याईले तेल पाह्यजे, चिखल नाई," असे ते दर वेळी म्हणत. मी एकदा शेजारच्या गाडीखाली टांगलेल्या बांबूच्या नळ्यातले वंगण बोटावर आणून विचारले होते, हे का नाही चालत? त्यांनी माझे बोट धुऊन दिले आणि सांगितले, "गाडी बैल वढते माय. तिथं चाकाले डोकं लागत नाई. सायकलच्या चाकाले डोकं असते." मला ते इतके आवडले की मी शाळेत सगळ्यांना सांगितले.

पत्रके घेऊन मी सावरगावला जात असे. जाम नदीच्या पात्रात उतरायचे, सायकल हातात धरून पाण्यातून न्यायची, पलीकडे चढायचे. ज्या पात्रात ही दोन गावे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दगडफेकीच्या खेळात एकमेकांची डोकी फोडतात, त्याच पात्रातून मी माणुसकीची पत्रके पलीकडे नेत होते. लोक पत्रक मन लावून वाचत आणि पोळ्याला पुन्हा दगड वेचत. तरी माझी टकटक ऐकली की ते ओट्यावर येत. "आली रे, बाबाजीची घंटी आली!" बाबाजी म्हणजे माझे वडील. कोणी गूळ देई, कोणी संत्रे. वडील चारचौघांत म्हणत, "माह्या पोरीच्या सायकलचा आवाज म्हंजे स्वातंत्र्याचा आवाज." मी ते खरे मानले. मुलीने बापाचे शब्द खरे मानू नयेत हे कुठल्याच पत्रकात छापलेले नव्हते.

नंतर आम्ही सौसरला आलो. तिथे तहसील होती, कचेरीचे छपाईचे काम होते. प्रांतांची भांडणे रंगात आली तेव्हा वडिलांची पत्रके मराठीसाठी निघू लागली. आमची बोली मराठी, आमची सोयरीक वऱ्हाडात, आमची संत्री नागपूरच्या बाजारात, तर आम्ही तिकडेच गेलो पाहिजे. मी ती पत्रके गावोगाव वाटली. छप्पन साली रेघ ओढली गेली. विदर्भ तिकडे गेला आणि आम्ही इकडे राहिलो. नागपूर आमची राजधानी होती, ती आम्ही झोपेत असताना भोपाळला निघून गेली. ज्यांनी आमची पत्रके डोळ्यांत पाणी आणून वाचली होती तेच लोक महिन्याभरात तहसीलदाराशी हिंदीत बोलू लागले. वडिलांना वाटायला काही उरले नाही. मग त्यांचे लक्ष घराकडे गेले, म्हणजे माझ्याकडे.

मी मॅट्रिक झाले होते आणि वय वाढत होते. एकदा मुलाकडचे पाहुणे घरी बसलेले असताना मी बाहेरून सायकलवर आले. मला ते आल्याचे माहीत नव्हते. गल्लीच्या उतारावर पाय थांबवले आणि टकटक करत दारात उतरले.

"हे काय वाजून राह्यलं?" मुलाच्या काकाने विचारले.

"पोरगी आली," आई म्हणाली.

"पोरगी होय का गिरणी?"

सगळे हसले. वडीलही हसले. मी दारात उभी राहून त्यांचे हसणे पाहिले. ते मोठ्याने हसत नव्हते, पण पाहुण्यांचे थांबेपर्यंत त्यांनी थांबवले नाही.

निघताना काका म्हणाला, "पोरगी पसंत आहे बाबाजी. पन गावभर वाजत फिरनारी सून आमच्या घरी नाई चालत. आधी हे बंद करा. संक्रांतीनंतर येतो, मंग पुढचं बोलू."

"होऊन जाईल बंद," वडील म्हणाले.

बोरगावची जागा मला याच दिवसांत कळली. मुलींची शाळा निघणार होती, मास्तरीण मिळत नव्हती. सकाळी मुलाखत, त्याच दिवशी निवड. माझ्या घरात कोणी नको म्हटले नाही. वडील म्हणाले, "जा. मी काय अडवतो का?" ज्याला अडवायचे नसते तो माणूस असे विचारत नाही, हे मला तेव्हा समजायला हवे होते.

आदल्या दिवशी दुपारी मी तांब्यात निखारे घालून तो पातळावरून इस्त्रीसारखा फिरवत होते. अंगणात पाहिले तर पोते अंथरलेले, सायकल आडवी आणि वडील तिच्याजवळ उकिडवे. कित्येक महिन्यांत त्यांनी तिला हात लावला नव्हता.

"बाबा, काय करून राह्यले?"

"उद्या लांब जाचं आहे तुले. साफ करून देतो."

"मी केली ना परवा."

"बापाच्या हातची एक डाव होऊ दे."

मी तांब्या खाली ठेवून ओट्यावर आले. ते चाक फिरवत होते आणि आवाज येत नव्हता. मी म्हटले, "बाबा, वाजून नाई राह्यलं."

"जरा जाड तेल टाकलं. साहेबासमोर काय कटकट करत जाशील? गावातून निंगशील तं कोनी मान वर करनार नाई."

सायकल उन्हात होती, चाक गरम होते. मी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले. कुत्रे बरोबर धरत होते. मी वडिलांच्या पाया पडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. हाताला घासलेटचा वास येत होता, रगडून रगडून धुतल्यासारखा.

सकाळी निघताना आई चुलीजवळून उठली नाही. "आज नको जाऊ व," एवढेच म्हणाली, "थंडी लय आहे." मी म्हटले, मास्तरणी थंडीला भीत नाहीत. तिने फुंकणी उचलली आणि चुलीत फुंकत राहिली. धूर नव्हता तरी फुंकत राहिली.

सौसर मागे पडले. दोन्ही बाजूंना संत्र्यांचे बगीचे, झाडांवर दव, बोटे हँडलवर बधिर. सायकल मांजरासारखी चालली होती. इतक्या शांत सायकलवर मी कधी बसले नव्हते आणि खरे सांगायचे तर मला ते आवडले. आपण आता मोठ्या झालो, शहाण्या मास्तरीणबाई झालो असे वाटले. नाल्याचा लांब उतार आला. मी पाय थांबवले आणि सायकल सोडून दिली. थंड हवेतून ती उतरत गेली. खाली पोचल्यावर चढासाठी जोराने पायडल मारले आणि पायडल रिकामे गेले. पायाखालची पायरी निघून जावी तसे. माझा गुडघा हँडलवर आपटला, सायकल वळली आणि मी खडीवर पडले.

साखळी जागेवर होती. मी चाक उचलून पायडल फिरवले. पायडल फिरत होते, साखळी फिरत होती, चाक स्वस्थ होते. पुढे फिरवले, मागे फिरवले, सारखेच. कुत्रे उठत नव्हते.

नाल्याच्या काठी कापसाच्या गाड्या थांबल्या होत्या. गाडीवाले कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा जाळ करून शेकत होते. त्यांनी मला पडताना पाहिले होते. त्यांतला एकही उठला नाही.

"बाई, पाय तं लय मारून राह्यली," एक म्हणाला, "गाडी काहून नाई जाऊन राह्यली?"

"बैल नाई ना जुपला!" दुसरा.

"तू जुप न मंग सोताले. मास्तरीन दिसून राह्यली ते, चांगली हाकलन तुले."

सगळे पोट धरून हसले. माझे पातळ गुडघ्यावर फाटले होते आणि रक्त घोट्यापर्यंत आले होते. ते हसत असताना मला एकच दिसत होते, त्यांचा जाळ. मी सायकल ढकलत त्यांच्यापर्यंत नेली आणि म्हटले, "भाऊ, चाक शेकू द्या."

"शेक बाई, शेक. भाकर समजून शेक. झाली का आमालेबी दे तुकडा."

मी मागचे चाक जाळाच्या कडेला धरले, टायर वाचवून. धूर डोळ्यांत जात होता. थोड्या वेळाने फ्रीव्हीलच्या फटीतून काळे थेंब गळू लागले आणि वास सुटला. सगळ्यांत म्हातारा गाडीवाला नाक वर करून म्हणाला, "थांबा रे. हे तं वंगन होय! एरंडीच्या तेलाचं. आपल्या गाडीचं." मग माझ्याकडे वळला. "सायकलीत वंगन कोनं घातलं व? तुह्या घरी कोनी दुश्मन आहे का?"

त्यावर पुन्हा हशा झाला.

मला कोणाचे नाव शोधावे लागले नाही. सौसरलाही शेजारच्या गाडीखाली तसाच बांबूचा नळा टांगलेला होता, आणि वास जावा म्हणून घासलेटने रगडलेला हात आदल्या दिवशी माझ्या डोक्यावर होता. हेही कळले की आई धूर नसताना कशाला फुंकत होती. म्हाताऱ्याने मला वंगणाविषयी विचारले आणि जगातल्या ज्या एका माणसाला त्याचे नेमके उत्तर माहीत होते, त्यानेच ते भरले होते. अडाण्याने केले असते तर मी हसले असते.

चाकाने धरले. मी सायकलवर बसले आणि मग पाय थांबवले नाहीत. थांबवले की कुत्रे पुन्हा बसणार. चढावर मारले, सपाटीवर मारले, उतारावरही मारले. उतारावर पायडल मारणारी बाई पाहून शेतातली माणसे ओरडली. ओरडू दिले.

शाळा म्हणजे एका कास्तकाराचा गोठा साफ करून काढलेली खोली होती. ओसरीत साहेब चहा पीत होता. तो उत्तरेकडचा होता, नव्या राज्याने पाठवलेला. गावची चार माणसे त्याच्या भोवती होती आणि शेजारी लोधीखेड्याचा एक तरुण, केसांना तेल चोपडलेला, हातात पेढ्याचा द्रोण. म्हणजे निवड झाली होती.

"आपका नाम तो पुकारा जा चुका," साहेब म्हणाला.

मी म्हटले, "साइकिल बिगड़ गई थी।"

"रोज़ बिगड़ेगी तो?" त्याने गावकऱ्यांकडे पाहिले आणि गावकरी हसले. साहेब हसला की हसायचे हे ते महिन्याभरातच शिकले होते. मग त्याची नजर माझ्या हातांवर आली. काळे हात, फाटलेले पातळ, रक्त. "पहले हाथ धो लीजिए। बच्चियों को क्या सिखाएँगी?"

लोधीखेड्याच्या तरुणाने माझे पातळ लागू नये म्हणून धोतर आवरून घेतले. मुलींच्या शाळेला मास्तरीण मिळत नव्हती, म्हणून मास्तर मिळाला. मी पाणी मागितले नाही, हात धुतले नाहीत.

परत मी सायकल ढकलत आले. दुपारच्या उन्हात कुत्रे आपोआप मोकळे झाले होते, बसून आले असते. बसावेसे वाटले नाही. नाल्यावर गाडीवाले नव्हते. त्यांच्या जाळाची राख होती आणि राखेजवळ माझ्या फ्रीव्हीलमधून गळलेला काळा डाग.

वडील छापखान्याच्या दारात बसले होते. मला बघून त्यांनी चष्मा काढला.

"झालं का?"

"नाई."

"बरं. तू गेली तं होती. मनाले खंत नको."

मी सायकल अंगणात आणली. "बाबा, वंगन शेजारच्या गाडीचंच ना?"

ते गप्प राहिले नाहीत. मी तयारी करून आले होते की ते गप्प राहतील, किंवा चूक झाली म्हणतील. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि पत्रक वाचून दाखवायच्या आवाजात बोलले. "आवाज बंद कराचा होता. पाहुन्याईले शब्द देल्ला होता मी."

"थंडीत कुत्रे उठत नाईत हे तुमीच शिकवलं मले."

"हाव. शिकवलं."

"मंग?"

"मंग काय? नोकरी भेटली असती तं त्या भोपाळवाल्याईच्या पगारावर पोरीईले हिंदी शिकवली असती तू. ज्याईनं आपल्याले नागपुरापासून तोडलं त्याईची चाकरी. माह्या पोरीनं. बरंच झालं."

माझ्या पायाखालून दुसऱ्यांदा काहीतरी रिकामे गेले. वंगण भरायलाही त्यांना तत्त्व सापडले होते. पाहुण्यांच्या हसण्यात हसलेला माणूस त्याच तोंडाने आता मराठीसाठी हुतात्मा होत होता. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. वाद घालायला मी त्यांच्याकडूनच शिकले होते आणि त्यांच्या डावपेचांत मला जिंकायचे नव्हते.

मी परात आणली, हातोडी आणली, एक जाड लोखंडी खिळा आणला. चाक सोडले. फ्रीव्हीलच्या चकतीला दोन भोके असतात, त्यांत खिळा टेकवून ठोकायचे. आटे उलटे असतात, सवयीने फिरवाल तर आणखी घट्ट बसतात. छापखान्यात वाढलेल्या पोरीला उलटे अवघड नसते. चकती निघाली आणि आतल्या बारीक पोलादी गोळ्या परातीत खडखडल्या. आतमध्ये दाट काळा गोळा होता आणि त्यात दोन्ही कुत्रे निजलेले. वडिलांनी फटीतून बोटाने ठासून भरले होते. मन लावून केलेले काम दिसत होते.

"आई, चिंध्या दे," मी म्हटले.

"नाईत व," आई आतून म्हणाली. ती बाहेर आली नाही.

मग मी माळ्यावर चढले आणि पत्रकांचे गठ्ठे खाली काढले. वडील ओट्यावर बसले होते. मी त्यांच्यासमोरच पोते अंथरले. पहिल्यांदा मराठी प्रांताचे पत्रक घेतले, वंगण निपटून काढले, चुरगळून बाजूला टाकले. मग शिवाशिवीचे. मग मुलींच्या शिक्षणाचे, ती बरीच उरली होती. घासलेटमध्ये बुडवून, एकेक गोळी पुसून. कागद चांगला होता, शाई पक्की होती. ते माझ्याकडे बघत होते आणि मी त्यांना बघू देत होते. मला त्यांनी बघावे असेच वाटत होते.

गठ्ठ्याच्या तळाशी एक पिवळे पडलेले पत्रक निघाले. मी पाहिले तर तेच, ज्यावर बोट ठेवून त्यांनी मला पहिला 'क' दाखवला होता.

"ते नको," वडील म्हणाले.

"काहून?"

"दुसरी प्रत नाई त्याची."

त्यांचा आवाज पत्रकाचा नव्हता. तो मी फार वर्षांनी ऐकला, बोट धुऊन देणाऱ्या माणसाचा. मी क्षणभर थांबले. मग ते पत्रक मधोमध फाडले, एका तुकड्याने एक कुत्रा पुसला, दुसऱ्याने दुसरा. लखलखीत निघाले. मला अजूनही त्याचे वाईट वाटलेले नाही. वाटेल असे आई म्हणते.

फ्रीव्हील जोडले, तेलाचे दोन थेंब सोडले आणि चाक फिरवले. आईने गल्लीकडची खिडकी लावून घेतली.

संक्रांतीनंतर पाहुणे आले. ते बसले होते तेवढा वेळ मी दारासमोर सायकल फिरवत होते, उताराला पाय थांबवून. ते चहा न घेता गेले. त्यानंतर आमच्या घरी कोणी आले नाही. बोरगावला लोधीखेड्याचा मास्तर अजून मुलींना शिकवतो, आणि म्हणे त्यांना कविता म्हणताना उभे राहू देत नाही. वडिलांची नजर गेली आहे. छापखान्यात खिळे मी जुळवते. लग्नपत्रिका छापते, आणि माझी स्वतःची पत्रकेही. एकाच खोलीत आम्ही दोघे दिवसभर असतो आणि ते माझ्याशी बोलत नाहीत.

बाजाराच्या आदल्या दिवशी मी अंगणात पोते अंथरते. सायकल आडवी करताना तिचे पायडल जमिनीला टेकल्याचा आवाज होतो, तेवढ्याने ते ओळखतात आणि भिंत चाचपत आत जायला लागतात. काळे पाणी जाते, मग तपकिरी, मग स्वच्छ. तेल सोडल्यावर चाक थोडेसे फिरवले तरी पुरते. मी ते, वडील दारापर्यंत पोचून कडी शोधत असतात तेवढा सगळा वेळ, टकटक फिरवत राहते.